गाठ मारणारा केमिस्ट

दिवाळी झाली आणि मामाने फाईल माझ्यासमोर टाकली. म्हणाला, अरे तू एम. एस. युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकलास ना, मग मला एवढंच सांग, हे केमो आहे का नाही? कारण मोठे डॉक्टर म्हणाले केमो नाही, टार्गेटेड आहे, सलाइन लावणारी सिस्टर म्हणाली काका केमोच आहे हो, आणि मामी बिल बघून म्हणाली की ते काय आहे माहीत नाही पण सोनं नक्की आहे त्यात.

मामाला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर. मानेत गाठी आल्या, नेहमीची केमो झाली, वर्षभर बरं होतं आणि मग गाठी परत आल्या. म्हणून हे दुसरं इंजेक्शन, दर तीन आठवड्यांनी एकदा. मी बडोद्याबाहेर एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या लॅबमध्ये, कामाला आहे, कॅन्सरचा डॉक्टर नाही, पण ह्या जातीच्या औषधांबद्दल बरंच वाचलेलं होतं त्यामुळे दांडिया बाजारातल्या त्यांच्या ओट्यावर बसून जे सांगितलं ते जरा नीट लिहून काढतोय. उपचारांचा सल्ला नाही हा, औषध चालतं कसं एवढंच.

तर मामा, डॉक्टर आणि सिस्टर दोघंही बरोबर आहेत. ह्या औषधाला अँटीबॉडी-ड्रग कॉन्जुगेट म्हणतात, थोडक्यात एडीसी, आणि त्यात तीन गोष्टी असतात. एक अँटीबॉडी, जी कॅन्सरच्या पेशीवरची एक ठराविक खूण ओळखून तिलाच जाऊन चिकटते. दुसरं विष, म्हणजे सरळ सरळ केमो, नेहमीच्या केमोपेक्षाही जालीम. आणि तिसरी ह्या दोघांना बांधणारी दोरी, तिला लिंकर म्हणतात. पेपरमध्ये बातमी येते तेव्हा सगळं कौतुक अँटीबॉडीला मिळतं, गाईडेड मिसाईल वगैरे शब्द वापरतात, पण माझ्या मते खरी करामत दोरीची आहे आणि त्याहून जास्त दोरीच्या गाठीची.

आयडिया तशी जुनी. पॉल एर्लिख नावाचा जर्मन शास्त्रज्ञ कापड रंगवायचे रंग पेशींवर टाकून बघायचा, आणि त्याला दिसलं की काही रंग काही पेशींनाच धरतात, बाकीच्यांना शिवतसुद्धा नाहीत. मग त्याला वाटलं रंग जर निवडून धरतो तर औषध का नाही धरणार, आणि ह्यातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची जादूची गोळी निघाली, म्हणजे बंदुकीतली गोळी, नेमकी रोगालाच लागणारी. (त्याच्या थोडं आधी आपल्या बडोद्यात सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनात त्रिभुवनदास गज्जर पोरांना रंगांचं रसायनशास्त्र शिकवत होते. पुढे १९०७ मध्ये अलेंबिक उभी राहिली त्यातही गज्जर होते. म्हणजे रंगातून औषधाकडे जायची वाट आपल्याकडेही होतीच.)

पण एकाच खुणेला चिकटणारी अँटीबॉडी हवी तेवढी बनवायची कशी हे कोहलर आणि मिलस्टाइन ह्यांनी १९७५ मध्ये दाखवलं, तोपर्यंत जवळजवळ सगळं कागदावरच. आणि तंत्र मिळालं तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता काय, अँटीबॉडी घ्या, नेहमीचं केमोचं औषध घ्या, चिकटवा आणि द्या. इथेच पुढची वीस-पंचवीस वर्षं गेली.

हे समजायला मला एका केमिस्टची करिअर सगळ्यात सोयीची वाटते, पीटर सेंटर. बर्कलेला बायोकेमिस्ट्री, इलिनॉयला केमिस्ट्रीत पीएचडी, मग जर्मनीत ग्योटिंगेनला पोस्टडॉक, आणि तिथून ब्रिस्टल-मायर्स स्क्विब ह्या औषध कंपनीच्या सिएटलमधल्या संशोधनात. तिथे त्या काळात बीआर९६-डॉक्सोरुबिसिन नावाचं कॉन्जुगेट बनलं होतं. डॉक्सोरुबिसिन म्हणजे ते लाल रंगाचं केमो, ज्यांच्या घरात कॅन्सर येऊन गेलाय त्यांनी बघितलं असेल. एका अँटीबॉडीवर आठ-आठ डॉक्सोरुबिसिन बांधले, उंदरांमध्ये ट्यूमर गायब झाले, १९९३ मध्ये सायन्ससारख्या जर्नलमध्ये पेपर आला. आणि माणसांना दिलं तर जवळजवळ काहीच नाही, उलट पोटाचा त्रास, कारण ती ओळखखूण जठराच्या पेशींवरही होती.

का फसलं? दोन कारणं, आणि पुढची सगळी गोष्ट ह्या दोन कारणांवर उभी आहे.

पहिलं म्हणजे विष कमी पडलं. अँटीबॉडी केवढी मोठी असते ह्याचा अंदाज नसतो लोकांना. तिचं वजन साधारण १,५०,००० डाल्टन (डाल्टन म्हणजे रेणूंचं वजन मोजायचं माप), आणि आपण जे विष बांधतो ते पाचशे-सातशे डाल्टनचं. म्हणजे दीडशे किलोच्या पैलवानाच्या खिशात पाऊण किलोची पुडी. वर शरीरात टोचलेल्या अँटीबॉडीपैकी एक टक्काही ट्यूमरपर्यंत पोचत नाही, बाकीची रक्तात फिरत राहते आणि शेवटी लिव्हर वगैरे ठिकाणी मोडीत निघते. तर जे चिमूटभर आत पोचतं तेवढ्यात पेशी मेली पाहिजे. डॉक्सोरुबिसिन चिमूटभर देऊन होत नाही.

दुसरं कारण गाठ. बीआर९६ मध्ये जी गाठ होती ती हायड्राझोन, म्हणजे आंबट लागलं की सुटणारी. कल्पना चांगली होती, रक्त किंचित अल्कलाइन, पीएच ७.४, आणि पेशीच्या आत लायसोसोम नावाची कचरा जिरवायची पिशवी असते ती आंबट, पीएच ५ च्या आसपास. म्हणजे रक्तात गाठ टिकेल, आत गेली की सुटेल. लिंबू पिळलं की दूध फाटतं तसं. पण बडोद्याच्या मे महिन्यात दूध ओट्यावर विसरून बघा, लिंबाशिवायच फाटतं. ह्या गाठीचं तेच झालं, रक्तात फिरता फिरता दोनेक दिवसांत निम्मं औषध सुटून मोकळं. मग अँटीबॉडी पोचायची ट्यूमरला हात हलवत, आणि विष भलतीकडेच.

सेंटर १९९८ मध्ये सिएटल जेनेटिक्स नावाच्या नव्या छोट्या कंपनीत गेला, ती ब्रिस्टलमधूनच बाहेर पडलेल्या लोकांनी आदल्या वर्षी काढली होती. आणि तिथे त्याच्या टीमने दोन्ही टोकं बदलली.

विषासाठी समुद्र. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे जॉर्ज पेटिट म्हणून केमिस्ट, त्यांनी १९७२ मध्ये मॉरिशसजवळून एक समुद्री गोगलगाय गोळा केली होती, शंख बाहेर न दिसणारी, कान उभारल्यासारखी दिसते म्हणून तिला समुद्रातला ससा म्हणतात. तिच्यात असलेल्या विषाचा नीट शोध लागून त्याची रचना छापून यायला १९८७ उजाडलं, पंधरा वर्षं, कारण किलोच्या किलो गोगलगायींमधून हाती यायचे ते मोजके मिलिग्रॅम. नाव डोलास्टॅटिन १०. पुढे कळलं की ते विष त्या बिचारीचं नाहीच, ती जे शेवाळासारखे सायनोबॅक्टेरिया खाते ते बनवतात. हे विष पेशीच्या आतला जो सांगाडा विभाजनाच्या वेळी उभा राहतो तोच उभा राहू देत नाही. नुसतं औषध म्हणून माणसांवर करून बघितलं, जमलं नाही, विषारीपणा जास्त आणि फायदा कमी. सेंटरच्या टीमने त्याच घराण्यातला लॅबमध्ये बनवता येणारा भाऊ घेतला, एमएमएई, आणि हा डॉक्सोरुबिसिनच्या शेकडो पट जालीम. नुसता टोचता येणार नाही इतका जालीम, आणि म्हणूनच इथे कामाचा.

आता दोरी, मी ओट्यावर मामाला ह्याच्यासाठीच सुतळी मागितली होती.

आपल्याकडे दोन गाठी असतात, निरगाठ आणि सुरगाठ. लेंग्याची नाडी आपण सुरगाठीने बांधतो, दिवसभर घट्ट राहते पण एक टोक ओढलं की झटक्यात मोकळी. निरगाठ पडली की काय होतं हे घाईच्या वेळी प्रत्येकाने भोगलेलं आहे. केमिस्टला इथे हवी होती सुरगाठ, आणि तिचं टोक फक्त कॅन्सर पेशीच्या आतच कुणीतरी ओढावं अशी. आंबटपणावर भरवसा ठेवायचा नाही हे कळलं होतं, मग त्यांनी एंझाइमवर ठेवला. लायसोसोममध्ये कॅथेप्सिन बी नावाचं कात्रीसारखं एंझाइम असतं, ते प्रोटीन कापतं, आणि रक्तात ते मोकळं असं जवळजवळ फिरत नाही. तर दोन अमिनो ॲसिड जोडले, व्हॅलिन आणि सिट्रुलिन, हा जोड कॅथेप्सिनला बरोबर कापता येतो. ही जोडी ब्रिस्टलमध्येच जीन डुबोव्हचिक आणि मंडळींनी आधी तयार केली होती, सेंटर आणि स्वेतलाना डोरोनिना ह्यांनी ती एमएमएईला लावून २००३ मध्ये छापली.

पण त्यात एक अडचण होती जी मला सगळ्यात आवडते. कात्री मोठी आणि विषाचा रेणूही अवजड, दोन्ही इतके जवळ आले की कात्रीचं पातं बसतच नाही. म्हणून मध्ये एक छोटा तुकडा घालतात, पॅब म्हणतात त्याला, बेंझिनच्या कड्याचा. कॅथेप्सिन एका टोकाला कापतं, आणि कापल्याबरोबर हा मधला तुकडा स्वतःच अस्थिर होतो, इलेक्ट्रॉन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतात, तुकडा गळून पडतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विष अगदी मूळ रूपात मोकळं. फटाक्याची वात पेटवली की ती जळत जळत पुढे जाते आणि आवाज दुसऱ्या टोकाला होतो ना, तसं. कॉलेजात ऑरगॅनिकमध्ये आम्ही एलिमिनेशन रिॲक्शन घोकून पास झालो, ती कुणाच्या मानेतल्या गाठीत जाऊन कामाला येईल असं तेव्हा कुणी बोललं असतं तर जरा नीट अभ्यास केला असता.

ही गाठ माकडांच्या रक्तात निम्मी सुटायला साधारण साडेनऊ दिवस लागले. कुठे ते दोन दिवस आणि कुठे हे.

आता अँटीबॉडीला ही दोरी बांधायची कुठे? अँटीबॉडीचे चार भाग गंधकाच्या चार पुलांनी एकमेकांना धरून असतात. त्यातले काही पूल हलक्या हाताने उघडले की प्रत्येक पुलाची दोन टोकं मोकळी होतात, त्यांना दोरी अडकवायची. म्हणून एका अँटीबॉडीवर शून्य, दोन, चार, सहा नाहीतर आठ असेच विषाचे रेणू बसतात, विषम आकडा सहसा नाहीच. आणि एकाच बाटलीत हे सगळे मिसळलेले असतात, सरासरी चार. मशीनवर लावलं की आलेखात पाच टेकड्या दिसतात, मला माझ्या धंद्यामुळे ह्या टेकड्या बघायला भारी वाटतं पण साध्या गोळीच्या क्यूसीवाल्याला घाम फुटेल, कारण आमच्याकडे बाटलीत एकच रेणू असावा लागतो, नाहीतर बॅच रिजेक्ट.

कुणालाही वाटेल की आठच का नाही लावत सगळीकडे, जास्त विष जास्त फायदा. २००४ मध्ये ह्याच टीमने ते करून बघितलं. आठवाला रक्तातून भराभर निघून गेला, विषारीपणा वाढला, आणि ट्यूमरवर चारवाल्याच्या पुढे गेला नाही. कारण एमएमएई तेलकट आहे, आठ चिकटवले की अख्खी अँटीबॉडी ओशट होते आणि शरीर तिला हाकलतं.

तर ह्या सगळ्यातून बनलेलं औषध म्हणजे ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन. नावाला घाबरू नका, ब्रेंटुक्सिमॅब ही अँटीबॉडी, हॉजकिनच्या पेशींवर असणाऱ्या सीडी३० ह्या खुणेला धरणारी, आणि व्हेडोटिन म्हणजे दोरीसकट विष. सगळे इलाज करून थकलेल्या हॉजकिनच्या १०२ पेशंटवर मुख्य ट्रायल झाली, त्यातल्या ७५ टक्क्यांच्या गाठी बऱ्यापैकी आटल्या आणि ३४ टक्क्यांमध्ये स्कॅनवर काहीच उरलं नाही. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेत मंजुरी. सेंटर कंपनीत आल्यापासून तेरा वर्षं. नंतर तीच दोरी आणि तेच विष वेगवेगळ्या अँटीबॉडींना बांधून आणखी औषधं निघाली, पोलाटुझुमॅब व्हेडोटिन, मूत्राशयाच्या कॅन्सरवरचं एनफोर्टुमॅब व्हेडोटिन, शेपूट तेच. कंपनीचं नाव पुढे सीजेन झालं आणि २०२३ मध्ये फायझरने ती ४३०० कोटी डॉलरला घेतली.

मामा मध्येच म्हणाला, म्हणजे निरगाठ कुणीच नाही बांधली का? बांधली. इम्युनोजेन नावाच्या कंपनीत रवी चारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथिओपियातल्या एका झुडपाच्या विषावर, मेटॅन्सिनवर, वर्षानुवर्षं काम केलं, आणि त्यातून ब्रेस्ट कॅन्सरचं ट्रास्टुझुमॅब एमटॅन्सिन आलं, मंजुरी २०१३. त्याची गाठ सुटतच नाही. पेशी अख्खी अँटीबॉडीच पचवते, मग विष बाहेर पडतं ते दोरीचा तुकडा आणि अँटीबॉडीचं एक अमिनो ॲसिड अंगावर घेऊनच. म्हणजे नाडी सुटत नाही तर लेंगाच फाडला. चालतं तेही, आणि गंमत म्हणजे त्या शेपटीमुळे विषावर विद्युतभार राहतो, त्याला पेशीच्या भिंतीतून बाहेर पडता येत नाही, शेजारच्या पेशीला धक्का नाही. सुरगाठवाला एमएमएई मात्र मोकळा असतो, मेलेल्या पेशीतून झिरपून शेजारणीलाही मारतो. ट्यूमरमध्ये सगळ्याच पेशींवर खूण नसते त्यामुळे हे शेजारधर्म मोडणं तिथे फायद्याचं, आणि ट्यूमरच्या बाहेर तोट्याचं.

ह्याच शेजारधर्माचं सध्याचं मोठं उदाहरण म्हणजे जपानच्या दाइइची सांक्योचं ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन. त्यात आठ विषं बांधलेली आहेत आणि तरी टिकतं, कारण दोरी आणि विष दोन्ही इतके ओशट नाहीत. २०२२ च्या जूनमध्ये शिकागोच्या कॉन्फरन्समध्ये त्याचे आकडे दाखवले, ज्यांच्यात हर२ ही खूण अगदी थोडी आहे अशा बायकांमध्येसुद्धा आजार थोपून राहायचा काळ ५.१ महिन्यांवरून ९.९ वर गेला, आणि हॉलमधले डॉक्टर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आणि आता आपला माणूस. ह्या डेरुक्स्टेकॅनचं मूळ आहे कॅम्प्टोथेसिन, चीनमधल्या एका झाडातून काढलेलं, १९६६ मध्ये, काढणारे मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. वाणी हे १९२५ चे, नंदुरबारचे. आपण सुरतेहून भुसावळच्या लाइनवर जाताना जे मिरचीचं नंदुरबार लागतं तेच. मुंबई विद्यापीठातून एमएससी, इंडियानाला पीएचडी, आणि मग आयुष्यभर नॉर्थ कॅरोलायनात एका संशोधन संस्थेत. टॅक्सॉल हे केमोचं औषधही ह्याच जोडीचं, १९७१. कॅम्प्टोथेसिन सुरुवातीला माणसांवर दिलं तेव्हा मूत्राशयाला इतका त्रास झाला की ट्रायल गुंडाळायला लागल्या, त्याची सुधारलेली भावंडं १९९६ मध्ये बाजारात आली, आणि अँटीबॉडीला बांधून ते आत्ता आत्ता. वाणी २०२० मध्ये गेले. हेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या घाण वासाच्या झाडातही आहे, त्यासाठी नरक्याची चोरून तोड चालते, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर बोलायला लागलो तर मी चिडतो.

मामाने एवढं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाकी ठीक आहे रे, पण मग माझ्या बोटांना मुंग्या का येतात?

हा प्रश्न टाळता येत नाही. गाठ कितीही चांगली असली तरी थोडी सुटतेच. मोकळं झालेलं विष नसांना जाऊन त्रास देतं, कारण नसांच्या आत मालाची ने-आण त्याच सांगाड्यावरून चालते जो हे विष मोडतं, आणि सगळ्यात लांब नसा हातापायांच्या टोकांच्या, म्हणून सुरुवात तिथून. गळतीची आणखी एक जागा म्हणजे दोरी अँटीबॉडीला जिथे अडकते ते टोक, मॅलेइमाइड. ते जोडलं जातं पटकन पण उलटंही फिरू शकतं, आणि मग दोरीसकट विष रक्तातल्या अल्ब्युमिन ह्या प्रोटीनच्या अंगावर जाऊन बसतं. सेंटरच्या गटाने २०१४ मध्ये ह्यावर तोड छापली, मॅलेइमाइडच्या शेजारी एक अमिनो गट ठेवला की त्याचं कडं पाणी घेऊन आपोआप उघडतं आणि उघडल्यावर परत फिरायचा रस्ताच बंद. म्हणजे एका टोकाला मुद्दाम सुरगाठ आणि दुसऱ्या टोकाला मुद्दाम निरगाठ. मामाच्या इंजेक्शनमध्ये हे नाही, ते जुन्या पद्धतीचं आहे.

मामाने मुंग्यांचं डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, तीन डोस अंगावर काढले, म्हातारपण समजून. मी त्याला तिथेच फोन लावायला लावला. डॉक्टरांनी एक डोस पुढे ढकलला आणि नंतरचा कमी करून दिला.

आमच्या घरात उत्तरायणाला किन्ने बांधायचं काम मामाचं. किन्ना म्हणजे पतंगाच्या काडीला मांजा बांधायची ती दोन टोकांची दोरी, ती एक केसभर इकडची तिकडे झाली की पतंग गिरक्या घेतो. गेंडीगेटहून पतंगांचा गठ्ठा आणायचा आणि आदल्या रात्री मामाने पन्नास-साठ किन्ने बांधून ठेवायचे, बोलता बोलता, न बघता. ह्या वर्षी तेरा तारखेला रात्री त्याने पहिला पतंग हातात घेतला, दोरा बोटांत फिरवला, आणि दोनदा निसटला. म्हणाला, दोरा आहे का नाही तेच कळत नाही रे. मग गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

मी बांधत होतो, तो चष्मा लावून बघत होता. तिसऱ्या पतंगाला म्हणाला, सोड ते, वरचा दोरा लांब झालाय. सोडायला गेलो तर निरगाठ बसलेली.